केळं, सूर्योदय, खुर्ची

मागच्या महिन्यात आईला घेऊन डॉक्टरकडे गेलो होतो. तसं मोठं काही नव्हतं, बीपीच्या गोळ्या संपत आल्या होत्या, पण निघता निघता मी हळूच बोललो की हल्ली आई जरा विसरते. गॅसवर दूध ठेवून देवापुढे जाऊन बसते, एकच गोष्ट दोनदा सांगते, एकदा तर तिच्या पाटल्या तांदळाच्या डब्यात सापडल्या. डॉक्टरीणबाई चांगल्या, शांत स्वभावाच्या. त्यांनी खुर्ची आईकडे वळवली आणि म्हणाल्या, मी तीन शब्द सांगते ते लक्षात ठेवायचे, मग एक घड्याळ काढायचं, आणि मग तेच तीन शब्द मला परत सांगायचे. बनाना, सनराइझ, चेअर. मी मराठीत सांगितलं, केळं, सूर्योदय, खुर्ची. आईने मान डोलावली. मग कागदावर मोठा गोल काढला आणि त्यात आकडे मांडले, बारा वर, सहा खाली, अगदी जागच्या जागी, पण सगळे मराठी. डॉक्टरांनी कागद उलटसुलट फिरवून बघितला तेव्हा मी सांगितलं की हे आमचे आकडे आहेत, बरोबर आहेत. अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायची होती, तीही काट्यांनी नीट दाखवली. मग शब्द विचारले. आईने माझ्याकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं, पदर सारखा केला आणि म्हणाली, "नाही बाई आठवत." एकही नाही.

परत येताना ट्रेनमध्ये मी काही बोललो नाही. पोटात गोळा आला होता आणि आई खिडकीतून बाहेर बघत स्टेशनांची नावं वाचत होती, मोठ्याने, नेहमीसारखी, ग्रॅनव्हिल, मेरीलँड्स. संध्याकाळी मी ओट्याशी कोबी चिरत होतो, ती टेबलाशी लसूण सोलत बसली होती, माझी पाठ तिच्याकडे. आणि मागून आवाज आला, "केळं, सूर्योदय, खुर्ची." ओळीने, एकही न चुकता. मी वळून बघितलं तर ती पाकळी नखाने फोडत होती. म्हटलं, "अगं मग तेव्हा का नाही सांगितलंस?" तर म्हणाली, "तेव्हा म्हणजे कधी?" आणि लगेच, उद्या डब्याला काय देऊ तुला.

तेव्हापासून माझ्या डोक्यातून मॅगी बेअर जात नाहीये.

मॅगी बेअर म्हणजे नटी रूथ क्रॅकनेल, आणि रूथ क्रॅकनेल म्हणजे काय हे ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या एका वयाच्या लोकांना सांगावं लागत नाही. मी १९९८ मध्ये सिडनीत आलो, अॅशफिल्डला चार मुलांनी मिळून घेतलेलं भाड्याचं घर, हॉलमध्ये आधीच्या भाडेकरूने सोडून दिलेला टीव्ही, ज्यावर एबीसी, म्हणजे इथली सरकारी वाहिनी, तेवढी स्वच्छ दिसायची. त्यावर 'मदर अँड सन' नावाच्या जुन्या मालिकेचे भाग परत परत लागायचे. एक म्हातारी विधवा आई, मॅगी, आणि लग्न मोडल्यावर तिच्याकडे राहायला आलेला तिचा धाकटा मुलगा आर्थर. आई सगळं विसरते. निदान विसरते असं दिसतं. मोठा मुलगा रॉबर्ट डेंटिस्ट, बायको घेऊन अधूनमधून येणार, आईची जबाबदारी अंगाला न लावता निघून जाणार, आणि तरी आईच्या तोंडी त्याचंच कौतुक. जो घरात राहतो, जो तिचं सगळं करतो, त्याला बोलणी. इंग्रजी तेव्हा मला निम्मं कळायचं, त्यातून ऑस्ट्रेलियन उच्चार, पण ही मालिका पहिल्या दिवसापासून कळली. आमच्यातला एक सोलापूरचा होता तो म्हणायचा, अरे हे तर आमच्याच घरचं शूटिंग केलंय. खूप हसायचो आम्ही. कोणाचीच आई जवळ नव्हती, कदाचित म्हणून जास्त हसायचो.

ही मालिका १९८४ च्या जानेवारीत सुरू झाली आणि १९९४ पर्यंत चालली, पण इतक्या वर्षांत भाग किती, तर फक्त ४२. सगळे एकट्या जेफ्री अॅथर्डनने लिहिलेले. आपल्याकडे रोज एक भाग पाडायची सवय, त्यामुळे दहा वर्षांत ४२ म्हणजे काय हे पटकन ध्यानात येत नाही, म्हणजे दोन पर्वांमध्ये कधी कधी दोन-दोन, तीन-तीन वर्षं जायची आणि लोक वाट बघायचे. मला सगळ्यात नवल वाटलं ते वयाचं. रूथ क्रॅकनेलचा जन्म ६ जुलै १९२५ चा, मेटलंडचा, न्यू साउथ वेल्समधल्या कोळशाच्या खाणींच्या भागातला. म्हणजे मॅगी करायला लागली तेव्हा ती ५८ वर्षांची होती. आणि आर्थर झालेला गॅरी मॅकडोनल्ड १९४८ चा, म्हणजे दोघांत जेमतेम तेवीस वर्षांचं अंतर. ती स्वतःहून कितीतरी म्हाताऱ्या बाईचं काम करत होती, आणि दहा वर्षं करत राहिली, म्हणजे हळूहळू तिचं स्वतःचं वय त्या भूमिकेकडे चालत गेलं.

मी आज बावन्नचा आहे. अजून सहा वर्षांनी मला कोणी ऐंशीची बाई किंवा बुवा उभा कर म्हटलं तर माझ्या डोळ्यापुढे नुसती पाठीतली वाकण येईल आणि थरथरते हात. ती तसलं काही करायची नाही. ती उंच होती, चांगलीच उंच आणि किडकिडीत, चेहरा लांबट, डोळे मोठे, आणि आवाज खोल, नाटकवाल्यांचा. त्या आवाजाला कारण आहे. तिची सुरुवातच रेडिओवर झाली, १९४० च्या दशकात, जेव्हा सिडनीत रेडिओनाटकांचा धंदा जोरात होता. रेडिओवर चेहरा नाही, हात नाहीत, पदर नाही. आहे तो आवाज, आणि दोन शब्दांमधली गप्प जागा. मला वाटतं मॅगी बेअर सगळी त्या गप्प जागेतून आलीय. आर्थर काहीतरी विचारतो, म्हणजे अमुक वस्तू कुठे ठेवलीस वगैरे, आणि मॅगी त्याच्याकडे बघते, आणि तिथे एक क्षण असा जातो की त्यात दोन्ही मावतं. बाईला खरंच आठवत नाहीये हेही, आणि बाईने आत्ता, या सेकंदाला, न आठवायचं ठरवलंय हेही. नट साधारण प्रेक्षकाकडे हळूच एखादी खूण टाकतो, की बघा हं मी नाटक करतेय. ती खूण ती टाकायचीच नाही. दहा वर्षांत नाही टाकली. कधी कधी मॅगी खरोखर हरवलेली असते, आणि ते बघताना घशाशी काहीतरी येतं, आणि पुढच्याच मिनिटाला ती आर्थरचा एखादा बेत असा उधळून लावते की वाटतं, नाही, हिला सगळं ठाऊक आहे, हिला फक्त तो घरातून जायला नकोय.

तेच सोडवता येत नाही. आणि मला वाटतं सोडवायचं नसतंच.

माझी आजी, वडिलांची आई, साताऱ्याच्या घरात शेवटची चार वर्षं अशीच होती. तेव्हा डिमेन्शिया वगैरे शब्द आमच्याकडे नव्हते. म्हातारचळ लागलाय म्हणायचे, नाहीतर भ्रमिष्ट झाल्यात म्हणायचे, आणि विषय संपायचा. आजी परसात उभी राहून मेलेल्या गाईला हाक मारायची. आम्ही मुलं, म्हणजे मी, दादा आणि शेजारची दोघं, आम्हाला तो खेळच होता. आजी तुला मुलं किती? ती कधी चार सांगायची, कधी सहा. खरी पाच. मोठी माणसंसुद्धा हसायची, पडवीत पान लावत बसलेले पाहुणे मुद्दाम विचारायला लावायचे, विचार रे विचार. मीही विचारलंय. मला तिचा तो चेहरा आठवतो, बोटांवर मोजायला लागायची आणि मग आमच्याकडे बघून थांबायची आणि बोटं पदराखाली घ्यायची. आई कधी हसली नाही. ती सून, सगळं तिच्यावर होतं, आंघोळ, वेणी, रात्रीबेरात्री उठून दाराला कडी आहे का बघणं. एकदा तिने मला ओढत स्वयंपाकघरात नेलं आणि म्हणाली, "त्या विसरत नाहीत. त्यांना तुम्हाला सांगायचं नसतं." मी आठ-नऊ वर्षांचा असेन. मला वाटलं आई मला गप्प करायला काहीतरी बोलतेय. पण आजीची सहा पोरं म्हणजे पाच जिवंत आणि एक तान्हेपणी गेलेलं, आणि चार म्हणजे ज्या दिवशी मधल्या काकांशी भांडण झालेलं असायचं त्या दिवशी, हे मला खूप उशिरा कळलं, तेही आईकडूनच, इथे सिडनीत, एकदा मेथी निवडताना.

आता मी पुन्हा रूथ क्रॅकनेलकडे येतो, कारण मागच्या महिन्यापासून मी तिच्याबद्दल मिळेल ते वाचतोय. एका सेकंड-हँड दुकानात मालिकेची डीव्हीडीपण मिळाली, दोन डॉलरला, डबीवर मॅगी आणि आर्थर. लोकांच्या लेखी ती मॅगी आहे, पण तिच्या आयुष्यात मॅगीच्या आधी जवळजवळ चाळीस वर्षं काम आहे. रेडिओ, मग शेक्सपिअर करणारी फिरती मंडळी, १९५० च्या दशकात लंडनला जाऊन थोडं काम, परत येऊन सिडनीत रिव्ह्यू, म्हणजे गाणी आणि नकलांचे रंगमंचीय कार्यक्रम. १९५७ मध्ये एरिक फिलिप्सशी लग्न, मग तीन मुलं, आणि मुलं सांभाळून नाटकं. सिनेमात लहान पण ठसठशीत कामं. १९७८ च्या 'द चांट ऑफ जिमी ब्लॅकस्मिथ'मध्ये आहे ती, अजिबात न हसवणारी, त्या सिनेमातली हिंसा बघवत नाही. आणि मला फार आवडणारी गोष्ट म्हणजे, ज्या वर्षांत ती टीव्हीवर विसरभोळी मॅगी होती त्याच वर्षांत ती मेलबर्नच्या रंगमंचावर ऑस्कर वाइल्डच्या नाटकातली लेडी ब्रॅकनेल झाली, जिच्या जिभेला धार आहे आणि जी काही म्हणजे काही विसरत नाही. १९८८ ची गोष्ट, समोर जेफ्री रश, तेव्हा जगात अजून कोणाला तो माहीत नव्हता. एक बाई इकडे पर्स कुठे ठेवली ते शोधतेय आणि तिकडे एका बॅगेच्या नुसत्या उल्लेखाने समोरच्याला गार करतेय. साठी ओलांडल्यावर हे पाठांतर, हा श्वास. म्हणजे विसरण्याचं सोंग घ्यायला किती शाबूत स्मरणशक्ती लागते बघा.

गॅरी मॅकडोनल्डचं मी थोडंच सांगतो पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. तो मुळात मोठा विनोदी नट, सत्तरच्या दशकात नॉर्मन गन्स्टन नावाच्या पात्राने देश वेडा केलेला. १९९३ मध्ये ते पात्र त्याने पुन्हा टीव्हीवर आणलं आणि त्या ताणाखाली तो कोसळला, एंग्झायटीने, कार्यक्रम मध्येच सोडावा लागला. पुढे त्याबद्दल तो उघडपणे बोलत राहिला, ज्या काळात पुरुष असलं बोलत नसत. आणि १९९४ मध्ये 'मदर अँड सन'चे शेवटचे भाग आले तेव्हा तो पुन्हा आर्थर म्हणून तिच्यासमोर होता. हे माहीत झाल्यावर डीव्हीडीवरचे ते शेवटचे भाग मला वेगळेच दिसायला लागले. आर्थरचा थकवा, डोळ्यांखालचं ते काळं, कपाळाला हात लावून त्याचं बसणं. काळजी घेणारा माणूस थकतो आणि थकल्याचं बोलला तर त्याला वाईट ठरवतात. आपल्याकडे तर आईचं करताना दमलो असं म्हणायची सोयच नाही. मी आजवर दादालाही म्हटलेलं नाही.

दादा पुण्याला असतो. रविवारी इथल्या दुपारी त्याचा व्हिडिओ कॉल येतो, आणि त्या दिवशी आई सकाळपासून तयारीत, नीट साडी, केसाला तेल. कॉलवर तिला सगळं आठवतं. वहिनींच्या बहिणीच्या सासऱ्यांचं ऑपरेशन कुठल्या पायाचं झालं ते आठवतं. दादा फोन ठेवताना मला म्हणतो, अरे आई तर एकदम फिट आहे, तू उगाच टेन्शन घेतोस. आणि फोन ठेवल्यावर आई माझ्याकडे बघून विचारते, तू आज ऑफिसला नाही गेलास? दुरून डोंगर साजरे म्हणतात, पण त्या डोंगराच्या पायथ्याशी जो राहतो त्याला रात्री डोंगराचं काय काय ऐकू येतं ते दुरून कळत नाही. मला दादाचा राग येतो, मग रागाची लाज वाटते, कारण तो वाईट नाहीये, तो फक्त लांब आहे. रॉबर्टसुद्धा वाईट नव्हता, अॅथर्डनने त्याला वाईट लिहिलं नाही. पण पहिल्यांदा बघताना आम्ही सगळे रॉबर्टला हसायचो, आता मी त्याच्याकडे हसून बघू शकत नाही.

रूथ क्रॅकनेलचं पुढचं आयुष्य वाचताना मी थांबलो ते व्हेनिसपाशी. १९९८ मध्ये, म्हणजे मी अॅशफिल्डच्या त्या हॉलमध्ये बसून तिला हसत होतो त्याच वर्षी, ती आणि एरिक सुट्टीसाठी व्हेनिसला गेले होते. तिथे एरिक आजारी पडले. ७३ वर्षांची बाई, परक्या देशातलं हॉस्पिटल, परकी भाषा, आणि पलंगावर एक्केचाळीस वर्षांचा जोडीदार. कसंबसं त्यांना घरी आणलं, आणि ते गेले. तिने त्यावर पुस्तक लिहिलं, 'जर्नी फ्रॉम व्हेनिस', २००० मध्ये आलं. विनोदी नटीचं पुस्तक म्हणून हातात घेतलेल्या लोकांना त्यात हॉस्पिटलच्या खुर्चीत बसून राहिलेली बायको भेटली. दहा वर्षं जिने दुसऱ्याला आपली काळजी घ्यायला लावलं, असं सोंग घेऊन, ती आता स्वतः पलंगाच्या दुसऱ्या बाजूला होती. मी हे वाचलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले असतील. आईच्या खोलीतून भजनांचा आवाज येत होता, ती झोपताना मोबाईलवर भजनं लावते आणि बंद करायला विसरते, मी जाऊन बंद करतो. मला त्या डॉक्टरांची खोली आठवली, आणि माझं भाषांतर. आईला तिथे परक्या भाषेत प्रश्न विचारले जात होते आणि मध्ये मी होतो, आणि मी नुसते शब्द तिच्यापर्यंत पोचवत नव्हतो, मी तिच्याकडे असा बघत होतो की आठव, आई, आठव, प्लीज.

१३ मे २००२ ला रूथ क्रॅकनेल गेली तेव्हा मी पॅरामॅटाच्या एका ऑफिसात कामाला होतो. लंचरूममधल्या टीव्हीवर बातमी लागली आणि आमच्या अकाउंट्समधल्या वयस्कर बाई डबा उघडा ठेवून रडायला लागल्या. मला कळेना, नटीसाठी इतकं? त्या म्हणाल्या, माझी आई अशीच होती, आणि ही बाई टीव्हीवर आली तेव्हा पहिल्यांदा मी घरी तिच्यावर न चिडता एक आठवडा काढला. २००१ मध्ये लोगी, म्हणजे इथले टीव्हीचे पुरस्कार, त्यांच्या हॉल ऑफ फेममध्ये तिला घेतलं होतं, आणि हल्ली २०२३ मध्ये एबीसीने ही मालिका नव्याने केली, नवी मॅगी डेनिस स्कॉट, नवा आर्थर मॅट ओकीन. चांगली आहे, मी बघितली. पण मला मान किती मिळाले त्यापेक्षा तो लंचरूममधला उघडा डबा जास्त आठवतो.

परवा शनिवारी मी डीव्हीडी लावली होती, आवाज बारीक, आणि आई येऊन शेजारी बसली. तिला इंग्रजी संवाद कळत नाहीत. ती फक्त रूथ क्रॅकनेलचा चेहरा बघत होती, पाच-सात मिनिटं, अगदी टक लावून. आर्थर काहीतरी ओरडत होता, मॅगी हातातली पर्स सावरत होती आणि तिच्या चेहऱ्यावर ती गप्प जागा आली, तीच. आई म्हणाली, "बिचारी." मी विचारलं, "कोण, तो का ती?" तिने उत्तर नाही दिलं. मग थोड्या वेळाने, टीव्हीकडेच बघत, "माझी ती परीक्षा परत आहे ना?"

हो, म्हटलं, पुढच्या गुरुवारी.

"तेच शब्द विचारतात का दुसरे?"

म्हटलं, दुसरे असतील बहुतेक.

तिने थोडा विचार केला. सोफ्यावरची माझी शाल ओढून पायावर घेतली. "मग तू बाहेर बस," ती म्हणाली. "त्या फोनवाल्या दुभाष्याला बोलव म्हणावं. तू समोर असलास की मला काही सुचत नाही."

मी फोन करून गुरुवारसाठी दुभाष्याची नोंद करून ठेवलीय.

मी बाहेर बसेन.